रंगूबाईच्या ताकाचा गुण

रहिमतपूरपासून तीन मैलांवरच्या वाडीत रंगूबाईचं ताक हे औषध होतं. कुणाला परसाकडच्या वेळी रक्त पडायला लागलं, की तो माणूस आधी पंधरा दिवस कुणापुढं तोंड उघडत नसे. मग बायकोला सांगे. बायको शेजारणीच्या कानाला लागे, आणि शेजारीण म्हणे, रंगूबाईकडं तांब्या धाडा. डॉक्टर रहिमतपुरात होते, नाही असं नाही. पण डॉक्टरापुढं विजार सोडायची म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटायचा. रंगूबाईपुढं नुसतं भांडं पुढं केलं की काम व्हायचं. ती काही विचारत नसे. मूळव्याधीचं ताक एवढं म्हटलं की ती समजून जायची.

ताक करायची तिची पद्धत ठरलेली होती. रात्रीचं विरजण सकाळी घुसळायचं, लोण्याचा कण म्हणून ठेवायचा नाही, त्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर ओवा टाकायचा. अनशापोटी तांब्याभर, असं एकवीस दिवस. तोवर तिखट, वांगं आणि मटण बंद. पैसा ती घेत नसे, कारण पैसा घेतला की हाताचा गुण जातो असं तिला सासूनं सांगितलं होतं. मात्र एक रीत पाळावी लागे. बरं वाटलं की माणसानं तेच भांडं घरातलं काहीतरी भरून परत आणायचं. गूळ, घेवडा, शाळू, आलं, काहीच नसलं तर परड्यातली भाजी. भरलं भांडं ओट्यावर आलं की औषध पुरं झालं.

ही रीत तिच्या अंगात इतकी मुरली होती की माणसाचं नाव ती विसरायची, भांडं विसरायची नाही. काठाला पोचा आलेला पितळी तांब्या कुणाचा, झाकण नसलेली किटली कुणाची, हे ती दहा वर्षांनंतरही सांगे. आणि ज्यांचं भांडं भरून आलं नाही, ते सगळे तिच्या लेखी बेइमान होते. गुरुवारच्या बाजारात असं कुणी समोर आलं की ती मोठ्यानं म्हणे, काही माणसांच्या घरात दळणालासुद्धा दाणा नसतो बाई. हंबीररावाला तर तिनं एकदा भर एस.टी.त ऐकवलं होतं. दोन एकर आल्याचा मालक, आणि आल्याचा एक गड्डा हातून सुटला नाही. हंबीरराव पुढच्या थांब्यावर उतरून चालत गेला.

तिचा हात सगळ्यांना सारखा होता असं मात्र कुणी समजू नये. बौद्धवस्तीतला हिंदुराव ताकाला यायचा, तेव्हा त्याचा तांब्या ती खालच्या पायरीवर ठेवायला लावायची आणि वरून धार धरायची. सासू तसंच करायची, म्हणून तीही करायची. हिंदुरावाबरोबर कधीकधी त्याची लेक आम्रपाली यायची आणि पायरीजवळ उभी राहून ती धार बघायची. पुढं आम्रपाली शिकून मिरजेला एका दवाखान्यात नर्स झाली. त्या पायरीबद्दल ती कधी बोलली नाही आणि रंगूबाईनं कधी विषय काढला नाही.

रंगूबाईचा नवरा लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. दाढी केल्याशिवाय चहा न घेणारा, चपला जोडीनं ठेवणारा माणूस. बायकोच्या औषधाला तो लस्सी म्हणायचा आणि ओट्यावरची रांग बघून मिशीत हसायचा. पंच्याण्णव सालच्या भाद्रपदात एके सकाळी तो न्हाणीतून आला आणि वरच्या अधिकाऱ्याला खबर द्यावी तसं त्यानं बायकोला सांगितलं, की चार दिवस झाले, रक्त जातंय.

खरं सांगायचं तर रंगूबाईला तेव्हा काळजीपेक्षा समाधान जास्त वाटलं. तीस वर्षं थट्टा करणारा माणूस अखेर तांब्या धरून पुढं बसला होता. बाराव्या दिवशी रक्त थांबलं. एकविसाव्या दिवशी हवालदारानं तिच्याच मडक्यातला गूळ तिच्याच तांब्यात भरला आणि ओट्यावर येऊन तिला सलाम ठोकला. शेजारपाजार हसला. रंगूबाईनं पदर तोंडाला लावला, आणि तो सगळा दिवस ती स्वतःवर खूश होती.

दोन महिन्यांनी रक्त पुन्हा आलं. पुन्हा एकवीस दिवस ताक झालं, पुन्हा थांबलं. संक्रांतीनंतर परत तेच. रंगूबाईचा हिशेब सोपा होता. थांबलं की ताकाचा गुण आला, आणि परत आलं की ह्यानं चोरून तिखट खाल्लं. अशा हिशेबात औषध कधीच हरत नाही. मधल्या काळात हवालदारानं आपल्या पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली. वय झालं की माणूस वाळतोच, असं दोघांनी धरलं. मुलगा मानसिंग जम्मूला पलटणीत होता, त्याला पत्रात कळवलं की वडलांना जरा उष्णता झाली आहे, काळजी नसावी.

शहाण्णव सालच्या वैशाखात बुद्धपौर्णिमेला आम्रपाली वाडीत आली. वाटेत तिला वाळलेला, फिकट पडलेला हवालदार दिसला, आणि ती आपल्या घरी न जाता त्याच्यामागोमाग थेट ओट्यावर आली. तिनं त्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, मग विचारलं, की रक्त परसाकड झाल्यावर थेंबथेंब पडतं की त्यात मिसळून येतं. असा प्रश्न त्या ओट्यावर कुणी कुणाला विचारला नव्हता. हवालदारानं तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाला, मिसळून. आणि अलीकडं पोट धड साफही होत नाही.

"काकी, ही मुळव्याद वाटत न्हाई मला," आम्रपाली म्हणाली. "उद्या मिरजेला आना त्यांना."

रंगूबाईनं तिला बरंच ऐकवलं. चार बुकं शिकली म्हणून अक्कल शिकवू नये, तुझ्या बापाचा तांब्या कुणी भरला ते आठव, असंही ती बोलून गेली. आम्रपालीनं ते ऐकून घेतलं, किती वाजता कुठल्या दारानं यायचं ते हवालदाराला सांगितलं आणि निघून गेली. रंगूबाई दिवसभर धुसफुसत होती. पण हवालदारानं आयुष्यभर हुकूम पाळलेले. त्यानं दिवे लागायच्या आत पेटी भरली होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी बोटानं तपासलं, मग दुर्बीण घातली, एक तुकडा काढून तपासायला धाडला. आठ दिवसांनी सांगितलं की मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला कॅन्सर आहे आणि ऑपरेशन करावं लागेल. रक्त कधीपासून जातंय, असं त्यांनी विचारलं. रंगूबाई म्हणाली, भाद्रपदापासून. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, मग नऊ महिने काय उपचार केलेत? तिनं सांगितलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, कारण रागावणाऱ्याशी भांडता येतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तो भाग काढला, आणि पोटाला डाव्या बाजूला परसाकडसाठी एक तोंड करून त्यावर पिशवी लावली. आजूबाजूच्या गाठींतही आजार गेला होता, म्हणून पुढं इंजेक्शनं घ्यायची होती. चौथ्या-पाचव्या दिवशी भारी औषधांनी हवालदाराचं पोट बिघडलं, तेव्हा डॉक्टर स्वतःच म्हणाले, की ताजं, पातळ ताक द्या. रंगूबाईला एकदम बळ आलं. आम्रपालीच्या खोलीवर तिनं विरजण लावलं, ताक केलं, आणि वॉर्डात सोबतीला आलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की डॉक्टरांनीच मागितलंय. दोन दिवसांत पोट थाऱ्यावर आलं.

मग तिनं डॉक्टरांना गाठून सरळ विचारलं. ताक एवढं गुणाचं आहे तर नऊ महिने त्याचा गुण कुठं गेला होता?

डॉक्टरांनी तिला बाकड्यावर बसवून घेतलं. ते म्हणाले, की ताकात डोळ्यांना न दिसणारे जिवंत जंतू असतात, दुधाचं दही करणारे तेच. आपल्या आतड्यातही असे कोट्यवधी असतात, आणि त्यांच्यामुळं पोट नीट चालतं. औषधांनी ते मेले होते, ताकानं थोडी भर पडली. बाहेरच्या देशांत याच्यावर अभ्यास चाललाय, की असे जंतू पोटात नांदते राहिले तर आतड्याचा कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी होतं का. उंदरांवर काहीतरी दिसलंय. माणसांबद्दल आज कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

"उद्या कदाचित सांगतीलही," ते म्हणाले. "पण झालेली गाठ ताकानं विरघळत नाही, बाई. ती मधूनमधून रक्त टाकते, मधूनमधून थांबते."

रंगूबाईनं विचारलं, मग बाराव्या दिवशी थांबलं होतं ते? डॉक्टर म्हणाले, ते थांबणारच होतं. तुम्ही पाणी दिलं असतं तरी थांबलं असतं.

त्या दुपारी ती हवालदाराच्या खाटेजवळ बसून राहिली. तीस वर्षांचं औषध, आणि त्याची बरोबरी पाण्याशी. आम्रपाली ड्युटी संपवून आली, तेव्हा रंगूबाई तिला म्हणाली, की ह्यांचं एक चुकलं असंल, पण बाकीच्यांना गुण आलाय ना. घरात घेवडा कधी विकत आणला नाही, इतकी भरली भांडी आली. आम्रपालीनं मान हलवली. खरी मूळव्याध असेल, खाणंपिणं सांभाळलं, पोट साफ राहिलं, तर बरं वाटतंच, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, की ज्यांची भांडी आली नाहीत, त्यांचं काय.

"ती बेइमान मानसं," रंगूबाई म्हणाली.

"काकी, ज्याला बरंच वाटलं न्हाई, तो भरलं भांडं घेऊन कशाला यील?"

आम्रपालीनं हे सहज म्हटलं होतं, टोचून नव्हे. पण रंगूबाई मनातल्या मनात भांडी मोजायला लागली. गेल्या पाच-सहा वर्षांतली न आलेली भांडी तिच्या डोळ्यांपुढं एकेक करून उभी राहिली. ती नऊ होती. ज्यांना तिनं बाजारात टोमणे मारले, ज्यांच्या नावानं बोटं मोडली, ते नऊ. त्यांना काय होतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला भीती वाटली, आणि ही भीती हवालदाराच्या दुखण्याच्या भीतीपेक्षा वेगळी होती. यात दोष कुणावर ढकलायला जागा नव्हती.

जूनमध्ये ती दोघं वाडीत परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा जण भांडी घेऊन ओट्यावर हजर. रंगूबाईनं प्रत्येकाला आत बोलावून आम्रपालीनं पढवलेले तीन प्रश्न विचारले. रक्त मिसळून येतं का, परसाकडची नेहमीची सवय बदलली का, वजन उतरलं का. दोघे जण लाजून तांब्या घेऊन पळालेच. आणि ती स्वतः त्या नऊ घरी जायला निघाली. हवालदाराला एकटं कसं टाकायचं म्हणून तिचा पाय अडत होता. पिशवी बदलायचं काम तीच करायची.

"तू जा, बघून ये," हवालदार म्हणाला. "पिशवीचं मी बघतो. बंदूक खोलून जोडायला शिकलोय, ही काय लय अवघड हाय?"

पहिलं घर हंबीररावाचं. तिला दारात बघताच हंबीरराव उठला, आणि काही विचारायच्या आत त्यानं पाटीभर आलं तिच्यापुढं आणून ओतलं. ती वसुलीला आली, असं त्याला वाटलं. पुढं सगळीकडं हेच झालं. कुठं घेवड्याचं गाठोडं पुढं आलं, कुठं गुळाची ढेप, आणि रंगूबाई ते बाजूला सारून भर सोप्यात विचारायची, की अजून रक्त पडतंय का. सुना तोंडात पदर कोंबून आत पळायच्या. हंबीरराव ठणठणीत होता, नुसताच चिकट होता. आणखी तिघांचंही तसंच निघालं. एकानं साताऱ्याला जाऊन मूळव्याधीचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि ते तिला कळू नये म्हणून दोन वर्षं तोंड चुकवत होता. एक म्हातारी लेकीकडं इचलकरंजीला गेली होती, बरी होती. एक जण विहिरीत पडून गेला होता. आठव्यानं तिला आत घेतलं नाही, पण दारातूनच सांगितलं की सगळं व्यवस्थित आहे. आठ घरं झाली तशी तिची छाती जरा हलकी झाली. बेइमानच होते म्हणायचे, असं ती हवालदाराला म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

नववं घर मसूरच्या वाटेवर मळ्यात होतं. तिथली सगुणाबाई किटली घेऊन यायची, झाकण नसलेली. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. सगुणाबाईचा लेक नाथाजी वावरात होता. त्याच्या बायकोनं रंगूबाईला बसायला घोंगडं टाकलं, पाया पडली, चहा ठेवला. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली, असं तिनं सांगितलं. काय झालं होतं, असं रंगूबाईनं विचारलं. मूळव्याधच, ती म्हणाली. एकवीस दिवस संपले की थोडं थांबून पुन्हा एकवीस दिवस, असं वर्षभर त्यांनी ताक घेतलं. शेवटी अंगावर नुसती कातडी राहिली, पोट फुगलं.

"पर शेवटपतुर तुमचं नाव घेत हुत्या," ती म्हणाली. "म्हनायच्या, रंगूबाईच्या ताकानं एवढं तरी दिस काडलं."

रंगूबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. सगुणाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर त्या तिनं घेतल्या असत्या. हे मात्र तिला कुठं ठेवावं कळेना. ती उठायला लागली, तेवढ्यात नाथाजी वावरातून आला. बेचाळीस वर्षांचा, उंच, जरा वाकलेला गडी. त्यानं हातपाय धुतले, बायकोला काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडं धाडलं आणि जवळ येऊन खाली बघत बोलला.

"काकी, बरं झालं तुमी आला. मला बी तीन म्हैनं झालं तसंच हाय. घरात कुनाला बोललो न्हाई. उद्यापासनं किटली घेऊन येऊ का?"

रंगूबाईनं तीन प्रश्न विचारले. पहिल्याला तो म्हणाला, मिसळून. दुसऱ्याला म्हणाला, व्हय, दिवसातून चारदा जावं लागतं. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या ढगळ झालेल्या सदऱ्याकडं बघून तिला दिसत होतं.

"तुला ताक न्हाई मिळायचं," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं मिरजेला चल. मी येती संगं."

नाथाजीला ते लागलं. आपण भांडं भरून दिलं नाही त्याचा राग काढते आहे, असं त्याला वाटलं असावं. आईच्या दिवसकार्यात राहून गेलं, असं तो पुटपुटला. मग जरा चढ्या आवाजात म्हणाला, "आईला वरीसभर दिलंसा, आन् मला एक दिस न्हाई?"

"तुझ्या आईला दिलं म्हनूनच तुला देत न्हाई," रंगूबाई म्हणाली. गाडीची वेळ सांगून ती वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूर स्टेशनवर ती गाडीच्या आधी अर्धा तास जाऊन बसली. नाथाजी येईल असं तिला वाटत नव्हतं. गाडीचा धूर दिसायला लागला तेव्हा तो आला, तिच्याकडं न बघता तिकीट काढून दुसऱ्या टोकाच्या डब्यात चढला. मिरजेपर्यंत दोघं वेगवेगळी गेली. स्टेशनवर आम्रपाली घ्यायला आली होती. तिनं रस्ताभर नाथाजीशी ऊस, पाणी, बैल असल्याच गोष्टी काढल्या, आणि दवाखान्याच्या दारापाशी तो बराच सैल झाला.

त्याच डॉक्टरांनी तपासलं. दुर्बीण बाहेर काढून हात धुऊन ते खुर्चीत बसले. गाठ आहे, ते म्हणाले, पण लहान आहे, सुपारीएवढी, आणि आलात ते वेळेवर आलात. तुकड्याचा निकाल येऊ दे, मग काढून टाकू. नाथाजीनं कपाळावरचा घाम पुसला. डॉक्टर केसपेपर भरत होते, त्यांनी मध्येच वर बघितलं. तुमचं वय या आजाराला कमी आहे, असं ते म्हणाले. घरात आणखी कुणाला होता का? आई, वडील, चुलते? आधी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. नीट आठवा, कारण असेल तर तुमच्या भावाबहिणींनाही बोलवावं लागेल.

नाथाजी म्हणाला, तसं कुणाला नव्हतं. आईला होती, पण ती आपली साधी मूळव्याध. तिला औषध चालू होतं.

रंगूबाई दाराजवळ स्टुलावर बसली होती. आम्रपाली तिच्या शेजारी उभी होती. रंगूबाईला गप्प बसता आलं असतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि सगुणाबाई तिचं नाव घेतच गेली होती.

"मुळव्याद नव्हती ती, डॉक्टरसाहेब," रंगूबाई म्हणाली. "हेच हुतं. वाळून गेली ती, पोट फुगलं, वरीसभर रगात. लिवा तसं. आन् औषध माझं हुतं, ते बी लिवा."

नाथाजी वळून तिच्याकडं बघत राहिला. डॉक्टरांनी मान खाली घालून आईच्या रकान्यात लिहिलं आणि भावाबहिणींची नावं विचारायला सुरुवात केली.